शिरोरेषेतला ठिपका

जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकात उतरवून देणं हे माझं काम. पुण्यातल्या माझ्या खोलीत लोक पिशव्या भरभरून कॅसेट आणून ठेवतात. आजीच्या ओव्या, मुंजीतली मंगलाष्टकं, आखातात गेलेल्या मुलाने पत्राऐवजी बोलून पाठवलेली फीत, गावच्या भजनी मंडळाचा सप्ताह. या कामात मला एक मोठा आधार असतो, तो ऐकणाऱ्याच्या कानाचा. फितीला बुरशी लागलेली असते, कुठे सुरकुती पडलेली असते, तिथे आवाज क्षणभर बुडतो. पण अभंगातलं एखादं अक्षर बुडालं म्हणून कुणाचं अडत नाही. चाल ओळखीची, शब्द पाठ, गाणारा माणूस आपला. गेलेलं अक्षर ऐकणारा स्वतःच भरून घेतो.

अधूनमधून मात्र पिशवीतून अशी कॅसेट निघते की तिथे हा आधार पार सुटतो. प्ले केलं की आधी पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी, मग पापणी लवायच्या आत संपणारा एक खरखरीत तुकडा, जरा शांतता, पुन्हा शिट्टी आणि मग कान किटवणारी लांबलचक किंकाळी. ‘ही वाया गेलेली दिसते, टाकून दिलीत तरी चालेल,’ असं आणणारेच सांगतात. ती वाया गेलेली नसते. तो स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम असतो, आणि मला तरी अशी कॅसेट हाती आली की बाकीची कामं बाजूला ठेवावीशी वाटतात.

झेडएक्स स्पेक्ट्रम हा क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा घरगुती संगणक एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. घरचा टीव्ही हा त्याचा पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर ही त्याची साठवणीची जागा. पुढे भारतात डेसिबेल्स कंपनीने त्याचं स्पेक्ट्रम प्लस हे मॉडेल परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकलं, म्हणून आपल्याकडच्या घरांमध्येही तो पोचला. यंत्राची वायर काढली की स्मृतीतलं सगळं पुसलं जायचं. त्यामुळे संध्याकाळभर बसून लिहिलेला प्रोग्रॅम झोपण्यापूर्वी कॅसेटवर सेव्ह करावा लागे, आणि कोरी कॅसेट घरात नसेल तर गाण्यांच्या कॅसेटमधल्या उरलेल्या जागेत. नाट्यगीत संपतं, टाळ्या विरतात आणि लगेच शिट्टी सुरू होते अशा कॅसेट माझ्याकडे आलेल्या आहेत.

त्या किंकाळीत अर्थ कसा भरलेला असतो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. बायनरी फाइल म्हणजे शून्य आणि एक यांची रांग. स्पेक्ट्रम शून्यासाठी एक छोटी लहर काढतो आणि एकासाठी बरोबर दुप्पट लांबीची. त्याच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके टाकतं. शून्याच्या लहरीचा प्रत्येक अर्धा भाग ८५५ ठोक्यांचा, एकाचा १७१० ठोक्यांचा. परत वाचताना यंत्र एवढंच मोजतं, की लहर एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला किती वेळ लागला. आवाज मोठा की लहान, गोड की कर्कश, याचं त्याला काही नाही. सुरुवातीची शिट्टीही विनाकारण नसते. टेपरेकॉर्डरची मोटर वेग घेईपर्यंत आणि रेकॉर्डरची आवाज आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा स्थिरावेपर्यंत काहीतरी निरर्थक पण नियमित वाजत राहायला हवं, म्हणून ती पाच सेकंदांची ठेवलेली आहे. त्यानंतरच्या छोट्या तुकड्यात १९ बाइट असतात: पुढे येणाऱ्या मजकुराचा प्रकार, दहा अक्षरांत बसणारं नाव, लांबी, स्मृतीतला पत्ता. मग दोन सेकंदांची शिट्टी आणि खरा मजकूर. ४८ किलोबाइटची पूर्ण स्मृती भरायला पाच मिनिटांच्या जवळपास लागत. टीव्हीच्या कडेला शिट्टीच्या वेळी लाल-आकाशी पट्टे सरकत आणि मजकुराच्या वेळी निळे-पिवळे पट्टे थरथरत. ते पट्टे ज्यांनी लहानपणी पाहिलेत त्यांना पट्ट्यांच्या जाडीवरूनच कळायचं, की लोड नीट होतंय की नाही.

गाण्याच्या कामात मी जे जे करतो, ते इथे जवळजवळ सगळं बंद ठेवावं लागतं. डॉल्बी बंद. सरसर कमी करणारं सॉफ्टवेअर बंद. वरच्या पट्टीला उठाव देणं बंद. कानाला सुखावणारी प्रत्येक सोय लहरींच्या कडा थोड्या इकडेतिकडे सरकवते, आणि इथे सगळा अर्थ त्या कडा कुठे आहेत यातच आहे. करायचं ते यंत्राच्या बाजूने. हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, सैल बेल्ट बदलायचा, कॅसेटमधला स्पंजचा पॅड निघाला असेल तर नवा चिकटवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू. ज्या टेपरेकॉर्डरवर सेव्ह केलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर माझंही हेड तितकंच तिरकं करावं लागतं. हे गाण्यालाही लागू आहे, पण गाण्यात तिरक्या हेडने आवाज नुसता घोगरा होतो. इथे छोट्या लहरी अशक्त होऊन मोठ्या लहरींच्या पोटात जातात. मी शिट्टीवर स्क्रू फिरवत नाही, किंकाळीवर फिरवतो. शून्यं जास्त आहेत असा भाग निवडायचा आणि तो जास्तीत जास्त टोकदार ऐकू येईल तिथे थांबायचं. या कामात माझा कान उपयोगी पडतो तो इथवर.

हल्ली काही जण कॅसेट कुरियरने पाठवण्याऐवजी घरीच वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवतात. त्यांचा हेतू मदतीचाच असतो. पण ती सोय माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे. बोलण्यात जे ऐकू येणार नाही ते ती टाकून देते, आणि एकसुरी शिट्टीला तर पंख्याचा आवाज समजून दाबायला बघते. माझ्या हाती येईपर्यंत लहरींच्या कडा विरघळलेल्या असतात. चांगल्या दर्जाच्या एमपीथ्री फाइलीतून बरेचदा वाचता येतं, मेसेजमधून जवळपास नाहीच. म्हणून मी प्रत्येकाला तेच सांगतो: कॅसेट द्या. वायरने जोडून, काहीही न आवळता केलेलं रेकॉर्डिंग हीच मूळ प्रत. पुढे सॉफ्टवेअर सुधारेल, मला आज न वाचता आलेलं उद्या दुसऱ्या कुणाला वाचता येईल, पण ते या प्रतीतूनच.

आता चुकीचं काय. स्पेक्ट्रम मजकुराच्या शेवटी एक जास्तीचा बाइट लिहितो, पॅरिटी बाइट. त्याची रीत साधी आहे. प्रत्येक बाइटमध्ये आठ घरं. सगळे बाइट एकाखाली एक मांडले तर आठ उभे स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभातल्या एकांची संख्या सम व्हावी अशा रीतीने शेवटचा बाइट ठरवलेला असतो. वाचून झाल्यावर एखादा स्तंभ विषम निघाला, तर कुठेतरी चुकलंय, आणि पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ हा संदेश येतो. एवढंच. कुठे चुकलं ते हा बाइट सांगत नाही. पाच मिनिटं लोड झालेला प्रोग्रॅम शेवटच्या क्षणी नाकारला जातो आणि नाकारणाऱ्यालाही जागा ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे एकाच स्तंभात दोन चुका झाल्या तर त्या एकमेकींना झाकतात आणि सगळं आलबेल दिसतं. म्हणून पॅरिटी जुळली तरी मी तेवढ्यावर विसंबत नाही. लोक बहुधा खबरदारी म्हणून तोच प्रोग्रॅम लागोपाठ दोनदा सेव्ह करत. त्या दोन्ही प्रती वाचून बाइटला बाइट ताडून पाहतो.

त्याच काळातला बीबीसी मायक्रो या बाबतीत जास्त विचारी होता. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये जो आला तोच हा संगणक. तो मजकुराचे २५६ बाइटचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि स्वतंत्र, जास्त कडक पडताळा देतो. तुकडा चुकला की यंत्र थांबून टेप थोडी मागे घ्यायला सांगतं. चूक झाली आहे हे कळण्याइतकंच ती कुठे झाली आहे हे कळणंही मोलाचं, हे ज्याने ही रीत आखली त्याला पक्कं समजलेलं होतं. माझ्या मते स्पेक्ट्रमच्या टेपची हीच एक खरी उणीव आहे.

फितीवरून उतरलेल्या फाइली पुढे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात कशा गेल्या, हाही या कामाचा भाग. काही जणांनी १९९० च्या दशकात आपले प्रोग्रॅम कुठल्या ना कुठल्या मार्गाने पीसीवर नेलेले असतात आणि माझ्याकडे फ्लॉपी येते. त्या काळातल्या बऱ्याच वाटा फक्त वाचता येणारी अक्षरं नेण्यासाठी बांधलेल्या होत्या. बाइटचं आठवं घर वाटेत गळायचं, काही बाइटांना मधलं यंत्र ‘थांब’ किंवा ‘चालू कर’ असा हुकूम समजायचं. म्हणून बायनरी फाइलीला अक्षरांचा वेश चढवून पाठवत. युनिक्सच्या जगात त्यासाठी मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये यूयूएनकोड ही रीत काढली. तीन बाइटांचे २४ बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहाचे चार भाग करायचे, प्रत्येकात ३२ मिळवायचे, की चार वाचनीय अक्षरं मिळतात. ओळीच्या सुरुवातीला त्या ओळीत किती बाइट आहेत त्याचं अक्षर. पूर्ण ओळ ४५ बाइटांची, ४५ अधिक ३२ म्हणजे ७७, आणि ७७ म्हणजे रोमन ‘एम’. अशा फाइलीत ‘एम’ने सुरू होणाऱ्या ओळींची भिंतच्या भिंत दिसते.

या रीतीत सुरुवातीला शून्यासाठी मोकळी जागा वापरत. वाटेतला एखादा प्रोग्रॅम ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा निरुपयोगी समजून छाटून टाकायचा आणि फाइल मोडायची. नंतर मोकळ्या जागेऐवजी दुसरं चिन्ह घेऊ लागले. पण छाटलेली जुनी फाइल हाती आली तरी मला चिंता वाटत नाही. ‘एम’ची ओळ ६१ अक्षरांचीच असणार. ५८ भरली, तर शेवटची तीन शून्यं होती, हे खात्रीने सांगता येतं. हरवलेलं परत मिळवण्याचा पुरावा ओळीतच आहे.

याउलट दुसरी एक मोडतोड आहे. फाइल मजकुराच्या पद्धतीने पाठवली गेली, तर पाठवणारा प्रोग्रॅम प्रत्येक १० या बाइटच्या आधी १३ घालतो, कारण त्याच्या लेखी ती नवी ओळ असते. फाइल थोडी फुगते आणि चालत नाही. आता तेरा-दहा अशी प्रत्येक जोडी शोधून त्यातला १३ काढून टाकावा, हे पटकन सुचतं. पण मूळ फाइलीत ज्या आकृतीत किंवा ज्या पत्त्यात १३ आणि १० शेजारी होते, ती कशी ओळखायची? मूळ लांबी कुठे नोंदलेली असेल तर मार्ग निघतो. नसेल तर तो फक्त तर्क असतो.

पुरावा आणि तर्क यांच्यातली ही रेघ मला सगळ्यात जास्त जपावीशी वाटते. ती कशी जपली ते एका कॅसेटवरून सांगतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई माझ्याकडे आल्या. शाळेत बीबीसी मायक्रो आले तेव्हा त्यांनी प्रशिक्षण घेतलं होतं, आणि मग त्या ओढीने घरी डीबी स्पेक्ट्रम प्लस घेतला होता. मुलीला अक्षरओळख करून द्यावी म्हणून त्यांनी स्वतः आलेखाच्या वहीवर मराठी अक्षरं काढून यंत्रात घातली होती. वही पुढे घर बदलताना गेली. अक्षरं कॅसेटवर होती. कॅसेट वाचायचा प्रयत्न मुलीने केला होता आणि तो एररवर थांबला होता.

स्पेक्ट्रमचं अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात बसतं. एक ओळ म्हणजे एक बाइट, आठ ओळी म्हणजे एक अक्षर. पूर्ण वर्णमाला ९६ चिन्हांची, म्हणजे ७६८ बाइट. टेपवर चार-साडेचार सेकंदांची किंकाळी. बाईंनी शिरोरेषा तिसऱ्या ओळीत ठेवली होती आणि वरच्या दोन ओळी मात्रा-वेलांट्यांसाठी राखल्या होत्या. आधी अक्षर छापायचं, एक घर मागे यायचं आणि त्याच्यावर मात्रा छापायची अशी त्यांची योजना. एकावर एक छापताना स्पेक्ट्रममध्ये ठिपक्यावर ठिपका आला की दोन्ही पुसले जातात. म्हणून मात्रांच्या चिन्हांमध्ये त्यांनी शिरोरेषेच्या ओळीला हात लावला नव्हता. नाहीतर मात्रा दिली की खालची रेघ नाहीशी झाली असती. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी ते यंत्रासमोर बसून शोधलं होतं. ती मांडणी पडद्यावर पहिल्यांदा उलगडली तेव्हा मला बाईंबद्दल फार आदर वाटला.

वाचन जवळजवळ पूर्ण आलं. १९ बाइटांचा छोटा तुकडा निर्दोष होता: रोमन लिपीत ‘अक्षर’ हे नाव, लांबी ७६८, पत्ता ६४०००. मोठ्या तुकड्यात मात्र पॅरिटी जुळत नव्हती. आठ स्तंभांपैकी सात सम, एक विषम. विषम होता तो १६ किमतीचा, म्हणजे डावीकडून चौथा. कुठल्या तरी एका बाइटात चौथा ठिपका चुकीचा आहे, एवढं कळलं. बाइट ७६८. दुसरी प्रत त्याच कॅसेटवर पुढे होती, पण तिच्यावर नंतर कुणीतरी बडबडगीतं रेकॉर्ड केली होती.

मी सगळी चिन्हं मोठी करून चौकोनांच्या तक्त्यावर मांडली. शिरोरेषेच्या ओळीत सगळे ठिपके भरलेले, म्हणजे ११११११११, दशमानात २५५. जिथे ती तुटलेली दिसेल तिथे चूक, असा नियम लावून प्रोग्रॅमकडूनच शोध घेता आला असता. पण मराठी वाचणाऱ्याला लगेच लक्षात येईल की तो नियम चुकीचा आहे. ध, भ आणि थ यांची शिरोरेषा तुटकच असते. नियमाने ती जोडली असती तर ध चा घ झाला असता, भ चा म. त्यामुळे एकेक अक्षर डोळ्यांनी पाहणं आलं.

ज्या अक्षराशी मी थांबलो त्याची तिसरी ओळ होती १११०११११. रेघेत डावीकडून चौथा ठिपका नाही. अक्षर ध सारखं दिसत होतं, पण ध असता तर डावा भाग आणखी मोकळा हवा होता. शेजारी बसलेल्या बाई चष्मा सारखा करत पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, “अहो, हा ध नाही. हा घ आहे, घरातला. ध पुढे आहे, त, थ, द नंतर.” खरंच, त्याच्या आधी क, ख, ग होते आणि मागाहून ङ. ध आपल्या जागी, आपल्या मोठ्या फटीसह, शाबूत होता.

बाईंना तेवढं पुरेसं होतं. “भरून टाका तो ठिपका,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, लहर बघू या आधी.” स्तंभ जुळत होता, वर्णक्रम जुळत होता, तरी हे दोन्ही आम्ही बाहेरून आणलेलं ज्ञान होतं. फितीवर प्रत्यक्ष काय आहे ते अजून पाहायचं होतं. मूळ रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं. त्या हिशेबाने एकाची लहर सुमारे ४३ नमुन्यांची आणि शून्याची साधारण साडेएकवीस. घ च्या त्या ओळीपाशी लहरींचा आलेख ताणून पाहिला. ४३, ४३, ४३, मग २७, मग ५९, मग पुन्हा ४३. तिथे फितीचा आवाज बुडाला होता आणि लहरीची मधली रेषाच खाली सरकली होती, त्यामुळे दोन लहरींमधली सीमा पुढे ढकलली गेली होती. एक आखडली, शेजारची रुंदावली. सत्तावीस आणि एकोणसाठ मिळून ८६, म्हणजे बरोबर दोन त्रेचाळीस. दोन्ही एकच होते. आखडलेला एक यंत्राने शून्य म्हणून वाचला. रुंदावलेला एक रुंद असूनही एकच राहिला, म्हणून पुढची रांग घसरली नाही आणि चूक एका ठिपक्यापुरती राहिली.

आता तो ठिपका भरायला हरकत नव्हती. १११०११११ चा ११११११११ केला, पॅरिटी आपोआप जुळली.

अशा कामात मी तीन फाइली ठेवतो आणि त्या कधी एकत्र करत नाही. पहिली, काहीही न बदललेलं रेकॉर्डिंग. दुसरी, त्यातून जे वाचलं गेलं ते जसंच्या तसं, चुकीच्या पॅरिटीसह; टेपवरचे बाइट साठवणाऱ्या टॅप स्वरूपाच्या फाइलीत तेही ठेवता येतं. तिसरी, दुरुस्त प्रत, आणि तिच्यासोबत साध्या मजकुरात टीप: कितवा बाइट, आधी २३९, आता २५५, कारण काय. दुरुस्त प्रतच फक्त ठेवली असती तर पुढच्या माणसाला तो घ बाईंचा की माझा, हे कळायला वाट उरली नसती.

सगळ्याच कॅसेट इतक्या उदार नसतात. एका गृहस्थांनी कॉलेजात लिहिलेला खेळ आणला होता. मजकुराच्या मध्यावर फितीवरचा थरच गेलेला, क्षणभर पूर्ण शांतता, आणि एकच प्रत. तेवढ्या जागेत बेसिक प्रोग्रॅमच्या काही ओळी होत्या. ते म्हणाले, “तुम्हाला कळतंय ना काय असेल ते? घाला ना.” मला खरंच अंदाज होता, मागच्या-पुढच्या ओळींवरून तिथे गुण मोजण्याचा भाग असणार हे दिसत होतं. तो लिहून खेळ चालूही झाला असता. मी त्यांना मजकूर दोन तुकड्यांत, मधे रिकामी जागा तशीच ठेवून दिला आणि म्हटलं, हवं तर तुम्ही लिहा, ते तुमचं लिखाण होईल. मी लिहिलेलं तुमच्या १९८० च्या दशकातल्या प्रोग्रॅममध्ये बसवणार नाही. ते त्या वेळी नाराज झाले. ही नाराजी मला मान्य आहे. तिथे लहर नव्हती, स्तंभ नव्हता, क्रम नव्हता. कशाच्या जोरावर भरायचं?

बाईंची अक्षरं परत यंत्रात घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपला डीबी स्पेक्ट्रम आणला. त्याच्या कीबोर्डची आतली फीत कडक होऊन तुटली होती, ती बदलून ठेवली. टॅप फाइलीचा पुन्हा आवाज केला आणि मोबाइलमधून वायरने यंत्राच्या ‘इयर’ खोबणीत सोडला. मोबाइल विमान मोडवर, आवाज पूर्ण, आवाज सुधारणाऱ्या सगळ्या सोयी बंद. मधेच एखाद्या मेसेजची टिंग वाजली तरी ती यंत्र बिट म्हणून वाचतं. आज्ञा बाईंनीच टाइप केल्या. स्पेक्ट्रमवर एका कळीत अख्खा शब्द उमटतो, आणि ‘लोड’ कुठल्या कळीवर आहे ते त्यांच्या बोटांना न शोधता सापडलं. लाल-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे, मग ‘ओके’. त्यांनी स्मृतीतल्या पत्त्यावर आकडा बसवणारी ‘पोक’ ही आज्ञा दिली, पोक २३६०७, २४९, आणि त्यानंतर पडद्यावर उमटणारा मजकूर मराठी अक्षरांमध्ये येऊ लागला.

त्यांनी क पासून ज्ञ पर्यंत ओळीने सगळं छापून घेतलं. ळ वर थांबल्या. “हा मला तेव्हाही जमला नव्हता. आठाच्या आकड्यासारखा झालाय.” पर्समधून पेन काढून त्यांनी माझ्या आलेखाच्या कागदावर नवा ळ काढला, दोनदा खोडून तिसऱ्यांदा मनासारखा. आठ ओळींचे आठ आकडे त्यांनीच मनात मांडून सांगितले. मी म्हटलं, “बाई, हा दुरुस्तीच्या फाइलीत नको घालू या. फितीवर आठासारखा ळच आहे.” त्या लगेच म्हणाल्या, “बरोबर. तो तेव्हाचा आहे, तसाच राहू दे. हा वेगळा ठेवा.” चौथी फाइल झाली, तिचं नाव त्यांनी ‘अक्षर २’ ठेवलं आणि टिपेत आजची तारीख आणि स्वतःचं नाव लिहायला लावलं. नव्या आठ बाइटांमुळे तिचा पॅरिटी बाइट अर्थातच निराळा आला.

चारही फाइली पेन ड्राइव्हवर घालून दिल्या. सोबत एका कागदावर लोड करायची आज्ञा आणि दोन पोक लिहून दिले: मराठी अक्षरांसाठी २३६०७, २४९, आणि यंत्राची मूळ अक्षरं परत हवी असतील तेव्हा २३६०७, ६०. दुसरा पोक बाईंना पाठच होता. तरी तो कागदावर राहू द्या म्हणाल्या, नातीला लागेल.